कोकणात घराच्या बांधकाम परवानगीचा अर्ज : आधी जमीन, मग नकाशा

घर बांधायचं ठरलं की लोक पहिल्यांदा नकाशा काढून घेतात. पुढे पडवी, मागे न्हाणीघर, वर एक खोली मुंबईकरांसाठी. तो नकाशा घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "ताई, परवानगीला किती दिवस लागतील?" मी नकाशा बाजूला ठेवते आणि सातबारा मागते. बहुतेक वेळा तो पिशवीत नसतो, असला तर आजोबांच्या नावाचा असतो.

मी परवानाधारक अभियंता आहे, तालुक्याच्या गावी बसून परवानगीच्या फाईली करते. इतक्या वर्षांत नकाशामुळे कायमची अडलेली फाईल मी क्वचित पाहिली. फाईल अडते ती जमिनीमुळे. सातबाऱ्यावर किती नावं आहेत, हद्द नक्की कुठे आहे, भरतीची रेषा किती लांब आहे आणि जमीन गावठाणात आहे की वाडीत, हे चार प्रश्न सुटले तर नकाशा दोन आठवड्यांचं काम आहे. सुटले नाहीत तर उत्तम नकाशाही कपाटात पडून राहतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

१. परवानगी कोण देणार, हे आधी ठरवा

रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या ठिकाणी नगरपरिषद आहे. गुहागर, दापोली, लांजा, देवरुख, कणकवली, कुडाळ, देवगड-जामसंडे इथे नगरपंचायत. तुमची जागा यांच्या हद्दीत असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४४ खाली तिथेच अर्ज करायचा. हा मार्ग त्यातल्या त्यात सरळ.

गावात मात्र दोन वाटा फुटतात. जागा गावठाणात असेल तर परवानगी ग्रामपंचायत देते. गावठाणाबाहेर असेल तर जमीन प्रादेशिक योजनेखाली येते आणि कलम १८ प्रमाणे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. तो अधिकार तुमच्या जिल्ह्यात प्रांतांना दिलाय की तहसीलदारांना, हे तहसील कार्यालयात विचारा. नगररचना कार्यालयाचा अभिप्राय सहसा मागवला जातो.

कोकणातला सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. देशावर घरं एका जागी दाटीने असतात आणि त्यांच्याभोवती गावठाणाची रेषा असते. आपल्याकडे घरं वाड्यांमध्ये विखुरलेली. एक वाडी डोंगराच्या कुशीत, दुसरी व्हाळापलीकडे, तिसरी खाडीवर. कित्येक गावांत नकाशावरचं गावठाण म्हणजे देवळाजवळचा एक छोटा तुकडा असतो, काही गावांत तोही नसतो. तुमच्या वाडीत चार पिढ्या नांदल्या असतील, वीज-पाणी असेल, घरपट्टी भरली जात असेल, तरी कागदावर ती शेतजमीन असू शकते. "आमचं घर गावातच आहे" या बोलण्याला म्हणून अर्थ नाही. रेषा बघायला हवी.

*तपासा:* तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्या आणि त्यावर तुमचा गट किंवा सर्व्हे नंबर शोधा. नगररचना कार्यालयातून झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा काढा. महामार्गालगतच्या किंवा किनाऱ्यावरच्या काही गावांसाठी सरकार विशेष नियोजन प्राधिकरण नेमतं, मग अर्ज त्यांच्याकडे जातो. तुमच्या गावाची आजची स्थिती त्याच खेपेत विचारून घ्या.

*थांबा:* ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला ही बांधकाम परवानगी नाही. ग्रामसभेचा ठराव ही परवानगी नाही. सरपंचांनी "बांध रे, कोण विचारतंय" म्हटलं, ही तर मुळीच नाही. आणि घरपट्टी लागली म्हणजे घर अधिकृत झालं हाही गैरसमज. घरपट्टी हा कर आहे. तो अनधिकृत घरालाही लागतो.

२. सातबारा वाचा, नुसता जोडू नका

डिजिटल सहीचा ताजा सातबारा आणि ८अ (खात्याचा उतारा) ऑनलाइन काढा. सातबाऱ्याला १५ रुपये पडतात. जुनी झेरॉक्स चालत नाही. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, तिथे मिळकत पत्रिका लागते. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत ती आता मिळते.

मग पेन घेऊन बसा आणि या क्रमाने वाचा.

भोगवटादार वर्ग १ की वर्ग २? वर्ग २ म्हणजे सरकारी अटी असलेली जमीन; ती असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही.

मयत माणसाचं नाव अजून आहे का? असेल तर आधी वारस नोंद. तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण सगळे तलाठीच म्हणतात) अर्ज, फेरफार (हक्क बदलल्याची नोंद), नोटिशीची मुदत, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. यात महिने जातात. म्हणून हे काम पहिल्या आठवड्यातच सुरू करा.

"इतर हक्क" या रकान्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. लोक वरची नावं बघतात आणि हा रकाना सोडून देतात. तिथे कुळाचं नाव असू शकतं. कूळकायद्याच्या कलम ४३ चा (जमीन हस्तांतरावर बंधन असल्याचा) शेरा असू शकतो, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असू शकतो. सिंधुदुर्गात अनेक सातबाऱ्यांवर वनाचा शेरा असतो, त्यालाच लोक वनसंज्ञा म्हणतात. तो असेल तर वनखात्याचा प्रश्न सुटेपर्यंत घराचा विचार बाजूला ठेवा. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांत कबुलायतदार गावकर जमिनींचा वेगळाच गुंता आहे. जो शेरा कळत नाही त्याचा फेरफार क्रमांक लिहून घ्या आणि तो जुना फेरफार काढून वाचा. शेरा एका ओळीचा असतो, पण त्याचं कारण फेरफारात सापडतं.

नावाचं स्पेलिंगही बघा. आधार कार्डावर "दत्ताराम", सातबाऱ्यावर "दत्तू", खरेदीखतात "दत्तात्रय" असं असेल तर छाननीत हमखास प्रश्न येतो. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

३. सहहिस्सेदारांची संमती

सामाईक सातबारा ही कोकणातली नेहमीची गोष्ट. एका गटावर बारा-पंधरा नावं. दोघं गावात, बाकीचे मुंबई, ठाणे, डोंबिवली, एखादा आखातात. माणसं म्हणतात, "सगळी आपलीच आहेत, कोण हरकत घेणार?" हरकत सहसा सख्खा भाऊ घेत नाही. ती येते दोन पिढ्यांपूर्वी वेगळ्या झालेल्या घरातून.

माझ्या एका पक्षकाराच्या गटावर चौदा नावं होती. अकरा संमत्या आल्या. तिघांचा पत्ता लागत नव्हता, म्हणून ते "पुढे बघू" म्हणाले. मी अडवायला हवं होतं. मीच ढिलाई केली आणि त्या तिघांच्या संमत्यांशिवाय फाईल पुढे नेली. जोतं झालं, चिरे उतरले, आणि त्या तिघांपैकी एकाच्या मुलीचा हरकतीचा अर्ज कार्यालयात आला. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, तिला कुणी विचारलंच नव्हतं. काम थांबलं. खळ्यात रचलेल्या चिऱ्यांनी दोन पावसाळे काढले. दुसऱ्या पावसानंतर गेले तेव्हा त्यांच्यावर शेवाळ चढून ते हिरवे झाले होते आणि फटींतून नेचे उगवले होते. त्यानंतर एकही संमती कमी असलेली फाईल मी हातात घेतलेली नाही.

संमती गोळा करायची वेळ आपल्या कॅलेंडरातच आहे. गणपती, शिमगा आणि मे महिना. तेव्हा चाकरमानी घरी असतात. गणपतीत आरती झाल्यावर माजघरात सगळे बसलेले असतात, तेव्हा विषय काढा. पण विषय निघायच्या आधी कागद तयार हवेत, कारण गौरी-विसर्जनानंतर परतीच्या गाड्या लागतात आणि "पुढच्या वेळी करू" म्हणत वर्ष जातं. थोरल्या काकूंची सही शेवटी घेऊ नका, आधी घ्या. त्यांनी केली की बाकीचे करतात.

संमतीपत्रात काय लिहायचं? "घर बांधण्यास हरकत नाही" एवढंच लिहिलेलं संमतीपत्र कामाचं नाही. गट नंबर, हिस्सा, बांधकामाचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये, जागेच्या चारही बाजूंचं वर्णन आणि जागा दाखवणारं एक साधं रेखाटन हवं. त्या रेखाटनावरही सह्या घ्या. मग नोटरी करा. उद्या कुणी म्हणालं, "मी विहिरीकडची जागा समजून सही केली होती," तर उत्तर तुमच्या हातात असतं.

याहून पक्का उपाय म्हणजे वाटप. सगळे राजी असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो, मग पोटहिस्सा मोजणी होऊन तुमचा सातबारा वेगळा होतो. वेळ जास्त लागतो. पण घरावर कर्ज काढायचं असेल तर याच वाटेने जा, पुढे बँकेलाही वेगळ्या नावाचा कागद हवा असतो.

४. मोजणी

मोजणीचा अर्ज ऑनलाइन करून फी भरता येते, काम तालुक्याचं उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालय करतं. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, ठरल्या दिवशी भूकरमापक येतात आणि नंतर 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, मिळते. परवानगीच्या फाईलीत तीच लागते. खासगी सर्व्हेअरचा नकाशा घराचा आराखडा काढायला उपयोगी पडतो, हद्दीचा पुरावा म्हणून नाही.

दिवाळी झाली की लगेच अर्ज करा. जूननंतर आपल्याकडे मोजणी होणं कठीण. पावसात साखळी टाकायची कुठे? आणि श्रावण-भाद्रपदात गवत कमरेइतकं वाढलेलं असतं, हद्दीचा दगड पायाखाली असूनही दिसत नाही. अर्ज करण्याआधी जागेवरचं रान साफ करून घ्या.

मोजणीच्या दिवशी मी स्वतः हजर राहते. कोकणात सगळे गडग्याला (दगड रचून केलेल्या कुंपणाला) हद्द समजतात, पण गडगा कधी कुणी बांधला, कधी ढासळला आणि परत रचताना किती सरकला याची नोंद कुठेच नसते. गेल्या वर्षी एका आगरात भूकरमापकाने खूण केली ती गडग्याच्या चार फूट आत आली. माझा पक्षकार गप्प झाला. शेजारच्या म्हाताऱ्या आजी माडाला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांनी वहाळाच्या पुराच्या वर्षी रचलो हो गडगो, तेव्हाच आत घेतलो." भांडण झालं नाही, कारण दोघंही तिथेच उभे होते आणि खूण दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. घर चार फूट सरकलं. जोतं झाल्यावर हेच कळलं असतं तर?

*तपासा:* चारही कोपऱ्यांना हद्दीचे दगड पुरून घ्या, त्यांचे फोटो काढा आणि लगतच्या खातेदारांच्या पंचनाम्यावर सह्या आहेत का ते बघा. 'क' प्रतीवरचं क्षेत्र आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र जुळतं का? फरक असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या.

५. समुद्र, खाडी, किल्ला, रेल्वे : अदृश्य रेषा

किनाऱ्याजवळच्या जागेला सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, नियम लागतो. १९९१, २०११ आणि आता २०१९ अशा तीन अधिसूचना झाल्या आणि प्रत्येकीत अंतरं बदलली, म्हणून शेजाऱ्याने दहा वर्षांपूर्वी काय केलं ते विचारून काही कळत नाही. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी. त्याहून कमी घनता असेल, आणि आपली बहुतेक गावं अशीच आहेत, तर २०० मीटरपर्यंत. खाडीला ५० मीटर किंवा खाडीच्या पात्राची रुंदी, यातलं जे कमी ते. बंदीच्या पट्ट्यापलीकडे पण सीआरझेडच्या आत घर बांधता येतं, उंची ९ मीटरपर्यंत, तळमजला आणि वर एक मजला.

हे अंतर उच्चतम भरतीरेषेपासून मोजायचं असतं आणि ती रेषा मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आखलेली असते. लाट कुठवर येते ते बघून किंवा मोबाईलच्या नकाशावर बोटाने मोजून ती ठरत नाही. मी असं मोजलेलं "दोनशे दहा मीटर" नकाशावर एकशे ऐंशी निघालेलं पाहिलं आहे. कांदळवन जवळ असेल तर आणखी जपा. खाजणाच्या कडेला उगवलेली ती झुडपं रानटी वाटतात, पण कायद्याने ती जपायची आहेत आणि त्यांच्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा लागतो.

स्वतःला राहायला ३०० चौरस मीटरपर्यंतचं घर असेल तर सीआरझेडसाठी राज्याच्या प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. स्थानिक प्राधिकरणच अधिसूचनेच्या कसोटीवर तपासून मंजुरी देतं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि उगाच मुंबईला खेपा घालतात.

बंदीच्या पट्ट्यात जुनं घर असेल तर? अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी होते, पण जोत्याचं क्षेत्र वाढवता येत नाही. इथे जुनी घरपट्टीची पावती सोन्याच्या मोलाची. १९ फेब्रुवारी १९९१ ला पहिली अधिसूचना निघाली, त्याआधी घर होतं हे दाखवणारा कोणताही कागद फेकू नका. आणि जुनं घर पाडण्याआधी मोजमाप, फोटो, पंचनामा झालाच पाहिजे. घर आधी पाडून मग अर्ज करणाऱ्या माणसाकडे तिथे घर होतं हे सांगायला काहीच उरत नाही. या चुकीला उपाय नाही.

बाकीच्या रेषा थोडक्यात. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा, कुलाबा हे किल्ले केंद्राचे संरक्षित स्मारक आहेत. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये वेगळी परवानगी लागते. कोकण रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत असाल तर रेल्वेचा ना हरकत. राष्ट्रीय महामार्ग ६६ किंवा राज्यमार्गालगत असाल तर इमारत रेषा आणि नियंत्रण रेषेचा दाखला. चिपळूण, महाड, राजापूर अशा नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा पाटबंधारे खात्याकडून तपासून घ्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी ज्यांच्या माडीपर्यंत आलं, त्यांना याचं कारण समजवावं लागत नाही.

६. अकृषिक वापर

गावठाणात याची गरज नसते. गावठाणाबाहेर शेतजमिनीवर घर म्हणजे वापर बदलला, आणि त्याचा महसूल खात्याचा कागद लागतो. महसूल संहितेच्या कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी मोठी सवलत दिली. वाडीतले लोक ही सवलत आपल्यालाही लागू आहे असं धरून चालतात. ती गावठाणापासून मोजतात, वाडीपासून नाही. पहिल्या टप्प्यातला गावनकाशा इथे पुन्हा काढा.

अकृषिकची पद्धत सरकारने गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा सोपी केली आहे. त्यामुळे चुलतभावाला लागलेली कागदांची यादी घेऊन जाऊ नका, तहसील कार्यालयातून आजची यादी लेखी घ्या.

"शेतघर दाखवू, मग परवानगीची कटकट नाही," हा सल्ला फार फिरतो. शेतघराला साधारण ०.४ हेक्टर, म्हणजे ४० गुंठे जमीन लागते आणि ते शेतीच्या कामासाठीच असतं. आठ गुंठ्यांच्या माडाच्या आगरात बंगला बांधून त्याला शेतघर म्हणता येत नाही.

७. आता नकाशा

राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. छोट्या घरांसाठी तिने काम हलकं केलं. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंत असेल तर परवानाधारक अभियंत्याच्या प्रमाणपत्रासह नकाशे, मालकीचे कागद आणि शुल्क भरल्यावर मिळणारी पोच हीच पुरते. १५० ते ३०० चौरस मीटरला कार्यालयाने १० दिवसांत शुल्क कळवायचं, ते भरलं की परवानगी. गावठाणातल्या बांधकामांनाही ३०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण ३२०० चौरस फुटांपर्यंत, ग्रामविकास खात्याने २०२१ मध्ये याच धर्तीवर सोय केली.

पण सवलत छाननीची आहे, नियमांची नाही. अभियंत्याने "नियमाप्रमाणे आहे" असं लिहून दिलं आणि बाजूचं अंतर कमी निघालं, तर त्याचा परवाना जातो आणि तुमचं बांधकाम अनधिकृत ठरतं. सहीपुरता अभियंता शोधू नका. जो जागेवर येऊन टेप धरेल तोच घ्या.

नकाशात सहसा राहून जातात त्या गोष्टी अशा. गोठा, जुनं माजघर, मांगर असं आधीपासूनचं बांधकाम दाखवलेलं नसतं. विहीर आणि शौचालयाची टाकी यांच्या जागा आणि अंतर दिसत नाही. पडवीचं क्षेत्र हिशोबात धरलेलं नसतं, कारण घरच्यांना पडवी म्हणजे मोकळी जागा वाटते. पावसासाठी गच्चीवर पत्र्याची शेड टाकायची असते, ती नकाशात नसते आणि बांधल्यावर पहिली तक्रार त्यावरच होते. जी शेड घालणारच आहात ती आधीच दाखवा.

रस्ता हा कोकणातला वेगळाच विषय आहे. घरापर्यंत पाखाडी आहे, पायऱ्या आहेत, दुसऱ्याच्या खळ्यातून जाणारी वाट आहे. वहिवाट शंभर वर्षांची असली तरी नकाशावर रस्ता दाखवायला कागद लागतो. वाट ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत आहे का बघा. नसेल तर ज्याच्या जमिनीतून जाते त्याच्याशी रस्त्याच्या हक्काचा नोंदणीकृत लेख करा. डोंगराच्या कुशीतली जागा असेल तर उतारही मोजून घ्या, १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर प्रस्ताव अडतो. जांभ्याचा कातळ भक्कम दिसतो, पण त्याखालची माती पावसात सरकते.

*थांबा:* पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या असतील तर ते आत्ताच सांगा. सीआरझेडमध्ये स्थानिकांच्या घरात निवास-न्याहारी चालते, पण आहे त्या घरात, जोतं आणि दर्शनी भाग न बदलता. राहतं घर म्हणून परवानगी घ्यायची आणि सहा खोल्यांचं लॉज उभारायचं, याने परवानगीच रद्द होऊ शकते.

८. अर्ज दाखल करताना

फाईल लावायचा माझा क्रम असा : अर्ज, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, ८अ, लागणारे फेरफार, संमतीपत्रं किंवा वाटपाचा आदेश, 'क' प्रत, झोन दाखला आणि भाग नकाशा, अकृषिकचा कागद, सीआरझेड व इतर ना हरकती, नकाशांचे संच, अभियंत्याचं प्रमाणपत्र, चलनं. प्रत्येक पानावर क्रमांक आणि पुढे अनुक्रमणिका. छाननी करणाऱ्या माणसाला शोधाशोध करावी लागली नाही की फाईल त्याच दिवशी पुढच्या टेबलावर जाते, हे मी कितीदा अनुभवलंय.

पैसे चलनानेच भरायचे. छाननी शुल्क, विकास शुल्क आणि बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर असे वेगवेगळे आकार असतात. पावती नसलेला एकही रुपया देऊ नका, तो कुणी कोणत्याही नावाने मागितला तरी.

*तपासा:* आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली प्रत हातात घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. मुदत त्याच तारखेपासून मोजली जाते. "ठेवून जा, बघतो" म्हणजे अर्ज झाला नाही.

९. त्रुटी पत्र आलं, किंवा काहीच आलं नाही

त्रुटी पत्र म्हणजे नकार नाही. घाबरून कुणाच्या ओळखी शोधत फिरू नका. पत्रातल्या प्रत्येक मुद्द्याला त्याच क्रमांकाने उत्तर लिहा, सोबत कागद जोडा, पुन्हा आवक शिक्का घ्या. तोंडी उत्तराची नोंद कुठेच राहत नाही.

नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद आहे. तिच्या भरवशावर जोतं खणणारे मी पाहिले आहेत, आणि पस्तावलेलेही. ती तरतूद प्रस्ताव नियमावलीला पूर्ण धरून असेल तरच लागते. मध्ये तुम्हाला त्रुटी पत्र आलं असेल तर ६० दिवसांचा हिशोबही बदलतो. आधी लेखी स्मरणपत्र द्या. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली सेवेची मुदत विचारा. फाईल कोणत्या टेबलावर आहे हे कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. नकार आला तर कारणं लेखी मागा, कलम ४७ खाली अपिलाला ४० दिवस असतात.

१०. परवानगी हातात आल्यावर

आदेश पूर्ण वाचा. अटी शेवटच्या पानांवर असतात आणि तिथेच मुदतही असते. परवानगी एका वर्षाची, दरवर्षी नूतनीकरण करत एकूण ४ वर्षांपर्यंत नेता येते. चिरेखाणी पावसात बंद असतात, गवंडी भातलावणीला जातात, तेव्हा जूनमध्ये मिळालेल्या परवानगीचे पहिले चार महिने असेच जातात हे धरून चाला. मुदत संपायच्या आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या.

आखणीच्या दिवशी 'क' प्रत आणि मंजूर नकाशा दोन्ही जागेवर ठेवा. चुना टाकून झाला की हद्दीच्या दगडापासून चारही अंतरं मोजा आणि अभियंत्याची सही घ्या. जोतं पूर्ण झालं की ते तपासल्याचा कागद घ्या, मगच चिऱ्याची पहिली ओळ चढवा. काम चालू असताना खिडकी इकडची तिकडे केली तर फारसं बिघडत नाही. पण एक खोली वाढवली, जिना बाहेर काढला, मागची पडवी बंद केली, तर सुधारित नकाशा मंजूर करून घ्या. "शेवटी एकदमच दाखवू" म्हणणाऱ्यांना शेवटी भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायला मंजुरी देणारा कागद) मिळत नाही.

घर पूर्ण झालं की अभियंत्याचा पूर्णत्वाचा दाखला लावून भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज करा. वास्तुशांतीची तारीख त्यानंतर काढा. प्रमाणपत्र आलं की ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत घराची नोंद करून घ्या, नोंदीत क्षेत्र मंजूर नकाशाइतकंच लागलं आहे का ते बघा, आणि मूळ आदेश, मंजूर नकाशा, 'क' प्रत, संमतीपत्रं असा सगळा संच प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. खालच्या खणात नको, तिथे ओल येते.